इंग्रजीच्या त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा: कारण शोधा, मग उपाय

तक्रार साधारण अशी असते. व्याकरणाचं पुस्तक अथपासून इतिपर्यंत झालंय, काळांचे तक्ते तोंडपाठ आहेत, गाळलेल्या जागा भरायला दिल्या तर बहुतेक बरोबर येतात. पण पत्र किंवा निबंध लिहायला घेतला की वहीवर लाल खुणा, आणि त्याही मागच्या वेळी होत्या तिथेच. शब्दांचंही तसंच. वही भरून शब्द लिहिलेत, अर्थ विचारले तर धडाधड सांगता येतात, पण लिहायला बसल्यावर ‘गुड’, ‘नाइस’ आणि ‘बिग’ यांच्यापुढे काही सुचत नाही. मग शालान्त परीक्षा तोंडावर आली की घाबरून आणखी एक व्याकरणाचं पुस्तक आणलं जातं.

त्या पुस्तकानं हे दुखणं जात नाही. मुलांच्या वह्या तपासताना मला कायम एकच गोष्ट दिसते: चुका पन्नास असल्या तरी त्यांची मुळं पाच-सहाच असतात, आणि मुलाला आपली मुळं कोणती हे कुणी दाखवलेलंच नसतं. त्यामुळे तो सगळं व्याकरण पुन्हा पहिल्यापासून वाचतो, जे येत होतं तेच पक्कं करतो, आणि जे येत नव्हतं ते तसंच राहतं.

आधी निदान

भाषाशिक्षणाचे अभ्यासक पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये एक भेद मांडला होता, तो इथे फार उपयोगी पडतो. एक चूक असते घाईतली. नियम माहीत असतो, पण लिहिताना हात घसरतो. दुसरी चूक असते समजुतीतली. म्हणजे लिहिणाऱ्याला ते वाक्य बरोबरच वाटत असतं. दोन्हींना आपण ‘चूक’ म्हणतो, पण त्यांचे उपाय पूर्ण वेगळे आहेत.

हा उतारा पाहा. असं लिखाण मी किती वेळा वाचलंय याला गणती नाही:

‘माय ब्रदर स्टडी इन द सेम स्कूल. ही गो देअर बाय बस. येस्टरडे ही डिड नॉट वेंट बिकॉज ही वॉज हॅविंग फिव्हर.’

हे लिहिणाऱ्या मुलाला वही परत देऊन फक्त ‘पुन्हा वाच’ म्हटलं, तर ‘स्टडी’चं ‘स्टडीज’ आणि ‘गो’चं ‘गोज’ तो स्वतःच करतो. ती घसरण होती. ‘डिड नॉट वेंट’पाशी तो थोडा थांबतो, पण हात लावत नाही. आणि ‘वॉज हॅविंग फिव्हर’ त्याला अगदी बरोबर वाटतं. तिथे समजूतच चुकलेली आहे. पहिल्या दोन चुकांसाठी त्याला नियम शिकवणं म्हणजे वेळ घालवणं. त्याला हवी आहे तपासण्याची सवय. शेवटच्या दोन चुका मात्र शंभर वेळा तपासूनही सापडणार नाहीत, कारण ज्या डोळ्यांनी लिहिलं त्याच डोळ्यांनी तो वाचणार.

तेव्हा पहिलं काम हे: जुन्या उत्तरपत्रिका आणि तपासलेल्या वह्या काढा. चुकलेलं प्रत्येक वाक्य जसं होतं तसं, दुरुस्ती न पाहता, एका कागदावर उतरवा. एक दिवस जाऊ द्या. मग ते वाक्य स्वतः दुरुस्त करून पाहा. पटकन जमलं तर पुढे ‘घ’ लिहा, घाईतलं म्हणून. अडलात, किंवा चूक दिसलीच नाही, तर ‘स’ लिहा. दोन-तीन निबंधांतच चित्र स्पष्ट होतं. काहींचं पान ‘घ’नं भरतं, काहींचं ‘स’नं, आणि ज्यांना आपलं इंग्रजी ‘एकूणच कच्चं’ वाटत होतं त्यांना कळतं की कच्च्या जागा चारच आहेत.

‘नियम येतो, तरी निबंधात चुकतो’

हे ‘घ’वाल्यांचं दुखणं. गाळलेल्या जागेच्या प्रश्नात कंसात क्रियापद दिलेलं असतं, म्हणजे कुठे लक्ष द्यायचं हे प्रश्नच सांगतो. शिवाय धडा ‘वर्तमानकाळ’ असेल तर दहाही वाक्यं वर्तमानकाळाचीच असतात, उत्तर अर्धं आधीच ठरलेलं. निबंधात असं कुणी सांगत नाही. तिथे मन ‘काय लिहू’ यात गुंतलेलं असतं आणि क्रियापदाची शेपटी निसटते.

उपाय दोन. सराव करताना एकाच प्रकारची वीस वाक्यं सोडवण्यापेक्षा वेगवेगळ्या धड्यांतली पाच-पाच वाक्यं मिसळून सोडवा, म्हणजे नियम लावण्याआधी कोणता नियम लावायचा हे ओळखावं लागेल. सुरुवातीला गुण कमी पडतील. पडू द्या.

दुसरा उपाय, लिहिणं आणि तपासणं ही दोन कामं वेगळी ठेवायची. लिहून झालं की सगळ्या चुका एकदम शोधत वाचायचं नाही. तसं वाचलं की काहीच सापडत नाही, कारण आपण अर्थ वाचत सुटतो. पहिल्या फेरीत फक्त क्रियापदं. प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलनं रेघ मारा आणि दोनच प्रश्न विचारा: हे कोण करतंय, आणि कधी? कर्ता शोधताना क्रियापदाच्या अगदी शेजारचा शब्द धरू नका. ‘द क्वालिटी ऑफ दीज बुक्स आर गुड’ ही चूक होते ती शेजारी ‘बुक्स’ बसलाय म्हणून. कर्ता आहे ‘क्वालिटी’, म्हणून ‘इज’. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’चा कर्ता ‘वन’ आहे, म्हणून ‘लिव्ह्ज’. परीक्षक या दोन जागा आवडीनं विचारतात.

क्रियापदाच्या शेवटी येणाऱ्या या ‘एस’बद्दल थोडं सांगते. मराठीत ‘मुलगा पळतो’, ‘मुलगे पळतात’: अनेकवचनात नाम आणि क्रियापद दोन्ही बदलतात. इंग्रजीत नेहमीच्या नामांबाबत ‘एस’ बहुधा एकाच बाजूला बसतो: ‘द बॉय रन्स’, ‘द बॉइज रन’. साध्या वर्तमानकाळात दोन्हीकडे ‘एस’ दिसला किंवा दोन्हीकडे गायब दिसला तर थांबा आणि पुन्हा पाहा. ‘मेन’, ‘चिल्ड्रन’ अशी अनियमित अनेकवचनं आणि ‘आय’, ‘यू’ या बाहेर राहतात, पण तपासणीची घंटा म्हणून ही खूण चांगली चालते.

‘मला तर हे बरोबरच वाटतं’

आता ‘स’वाली मंडळी, आणि माझ्या मते गुणांचा खरा प्रश्न इथे आहे. या चुकांमागे बहुतेक वेळा मराठी वाक्याचा साचा असतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. जगातला प्रत्येक शिकणारा आपल्या भाषेचा साचा नव्या भाषेत घेऊन येतो. उलट फायदा हा, की साचा आपला असल्यामुळे तो आपल्याला ओळखता येतो.

‘डिड नॉट वेंट’ घ्या. मराठीत ‘तो गेला’, ‘तो गेला नाही’. ‘गेला’ जागचा हलत नाही, फक्त ‘नाही’ येऊन बसतं. म्हणून मूल ‘वेंट’ तसाच ठेवतं आणि ‘डिड नॉट’ जोडतं. इंग्रजीत भूतकाळाचं ओझं एकानंच उचलायचं असतं. ‘डिड’नं ते उचललं की मुख्य क्रियापद मोकळं: ‘डिड नॉट गो’. हे एक पटलं की चार चुका एकदम जातात. ‘डज ही गोज’ का चूक? कारण ‘एस’ आधीच ‘डज’मध्ये गेला. ‘ही कॅन स्विम्स’ का चूक? ‘कॅन’पुढे क्रियापद मूळ रूपातच राहतं. ‘टु’पुढेही तसंच, म्हणून ‘वॉन्टेड टु गो’; ‘वॉन्टेड टु वेंट’ नाही. आणि परीक्षेतलं लाडकं ‘नो सूनर’: ‘नो सूनर डिड ही रीच द स्टेशन दॅन द ट्रेन लेफ्ट’. इथे ‘रीच्ड’ लिहिणारी मुलं ‘नो सूनर’चा नियम चुकत नाहीत, ती ‘डिड’चाच चुकतात.

‘पासून’ हा दुसरा साचा. ‘पाच वर्षांपासून’ आणि ‘२०१९ पासून’, दोन्हीकडे आपला एकच प्रत्यय. त्यामुळे ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ लिहिलं जातं. दिनदर्शिकेवर त्या क्षणावर बोट ठेवता येतं का पाहा. २०१९, सोमवार, सकाळ, लहानपण यांवर बोट ठेवता येतं: ‘सिन्स’. पाच वर्षं, दोन तास, बराच वेळ हा पसारा आहे, बोट ठेवता येत नाही: ‘फॉर’. इतकं अनेकांना येतं. निसटतं ते क्रियापद. ‘मी पाच वर्षांपासून इथे राहतो’ यात मराठी ‘राहतो’ वर्तमानकाळात आहे, म्हणून ‘आय लिव्ह हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. तेव्हा सुरू झालेलं आणि आजही चालू असलेलं सांगायचं तर इंग्रजीला ‘हॅव’ लागतं: ‘आय हॅव लिव्हड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. उलट, काम कधी झालं ती वेळ सांगितली की ‘हॅव’ला जागा नाही. ‘आय हॅव सीन हिम येस्टरडे’ चूक, ‘आय सॉ हिम येस्टरडे’ बरोबर. वाक्यात ‘येस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘इन २०१९’, ‘अगो’ यांपैकी काही असेल तर ‘हॅव’ खोडा.

‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ आणि ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ या चुका मुलं वर्षानुवर्षं सोबत घेऊन फिरतात. ‘मला कळत नाहीये’ असं आपण सहज म्हणतो, म्हणून ‘आयएनजी’ सहज येतो. असणं, माहीत असणं, आवडणं, हवं असणं, मालकीचं असणं या स्थिती आहेत, त्या ‘चालू’ नसतात: ‘आय हॅव टू ब्रदर्स’, ‘आय डोन्ट अंडरस्टँड’. ‘ही हॅड अ फिव्हर’ही त्यातलंच. ‘हॅविंग लंच’ मात्र चालतं, कारण तिथे ‘हॅव’ म्हणजे जेवण्याची क्रिया.

मग जोड्या. जरी–तरी, जर–तर, जेव्हा–तेव्हा: मराठी वाक्य दोन्ही टोकांना गाठ मारतं. इंग्रजीला सहसा एकच गाठ पुरते. ‘दो ही वॉज टायर्ड, बट ही वर्क्ड’ यातला ‘बट’ काढा. किंवा ‘दो’ काढून ‘बट’ ठेवा. वाक्यांचं रूपांतर करायला सांगणारे निम्मे प्रश्न खरं तर हीच अदलाबदल विचारत असतात, हे लक्षात आलं की ते प्रश्न फार सोपे होतात.

अप्रत्यक्ष कथन आणि प्रयोग: इथे मराठी थेट उलटी जाते

या दोन जागांना जास्त वेळ द्या, कारण इथे मराठीची सवय नकळत दगा देते.

मराठीत ‘तो म्हणाला की मी उद्या येईन’ हे निर्दोष वाक्य आहे. ‘की’ आलं तरी आतलं वाक्य बोलणाऱ्याच्या तोंडचं जसंच्या तसं राहतं. ‘मी’ म्हणजे ‘तो’ हे ऐकणारा समजून घेतो. इंग्रजी हे चालवून घेत नाही. तिथे आतलं वाक्य सांगणाऱ्याच्या जागेवरून पाहायचं: ‘ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे’. तीन बदल झाले: माणूस, काळ, वेळेचा शब्द. बदल नेहमी याच क्रमानं करा. आधी सर्वनाम, मग क्रियापद, मग ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’, ‘हिअर’चं ‘देअर’. क्रम ठरलेला असला की एखादा बदल विसरत नाही. ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ यासारख्या कायम सत्याचा काळ बदलावा लागत नाही, ही सवलत ध्यानात ठेवा.

प्रश्न आला की आणखी एक अडचण. ‘तू कुठे राहतोस?’ आणि ‘तू कुठे राहतोस ते सांग’ यात आपल्याकडे शब्दांचा क्रम तोच. इंग्रजीत मात्र प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की त्याचं प्रश्नपण संपतं, आणि क्रम साध्या विधानासारखा होतो: ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ पण ‘टेल मी व्हेअर यू लिव्ह’. म्हणून ‘ही आस्क्ड मी व्हेअर वॉज आय गोइंग’ चूक आणि ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग’ बरोबर. शेवटी प्रश्नचिन्हही नको. हो-नाही उत्तराचा प्रश्न असेल तर ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’. ‘आस्क्ड दॅट’ कधीच नाही.

आता प्रयोग. ‘मुलीनं पत्र लिहिलं.’ मराठी व्याकरणात हा कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद ‘पत्र’ या कर्माप्रमाणे चालतं. इंग्रजीच्या तासाला ‘पॅसिव्ह व्हॉइस’लाही ‘कर्मणी प्रयोग’च म्हणतात. झालं, गोंधळाला इथेच सुरुवात होते. ‘द गर्ल रोट अ लेटर’ हे इंग्रजीत सरळ कर्तरी वाक्य आहे. त्याचं ‘पॅसिव्ह’ म्हणजे ‘अ लेटर वॉज रिटन बाय द गर्ल’, आणि त्याला मराठीत जवळचं वाक्य ‘मुलीकडून पत्र लिहिलं गेलं’ हे. तेव्हा ‘पॅसिव्ह’ ओळखायला मराठीकडे पाहूच नका. ‘बी’चं एखादं रूप आणि त्यापुढे क्रियापदाचं तिसरं रूप, दोन्ही दिसलं तरच ‘पॅसिव्ह’. करताना कर्म पुढे आणा, मग मूळ वाक्याचा काळ ‘बी’ला द्या (‘इज रायटिंग’चं ‘इज बीइंग रिटन’, ‘हॅज रिटन’चं ‘हॅज बीन रिटन’), आणि कर्ता शेवटी. ‘बाय सम वन’ किंवा ‘बाय पीपल’ सहसा गाळायचं. ज्या क्रियापदाला कर्मच नाही त्याचं ‘पॅसिव्ह’ होत नाही. ‘द ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड’ हे वाक्य निबंधात हमखास दिसतं. ‘द ॲक्सिडेंट हॅपन्ड’ इतकंच पुरे.

‘ना?’ हा आपला एकच शब्द कुठल्याही वाक्याला चालतो, म्हणून ‘क्वेश्चन टॅग’लाही सगळीकडे ‘इजन्ट इट’ लावला जातो. मूळ वाक्यातलं साहाय्यक क्रियापद उचला, होकाराचं नकार करा, नकाराचं होकार. साहाय्यक नसेल तर ‘डू’ घराण्यातलं घ्या. ‘हार्डली’, ‘नेव्हर’, ‘फ्यू’ असलेलं वाक्य नकारीच धरा. ‘आय ॲम लेट, आरन्ट आय?’ आणि ‘लेट्स गो, शॅल वी?’ ही दोन पाठच करून टाका.

आर्टिकल आणि शब्दयोगी

मराठीत आर्टिकल नाहीच, त्यामुळे इथे कानाची मदत मिळत नाही. पण एका नियमानं निम्म्याहून जास्त चुका जातात: मोजता येणारं एकवचनी नाम इंग्रजीत सहसा एकटं उभं राहत नाही. त्याच्या आधी ‘अ’, ‘ॲन’, ‘द’, ‘माय’, ‘धिस’, ‘एव्हरी’ असं काहीतरी हवंच. तपासताना अशा प्रत्येक एकवचनी नामाच्या आधी कोणी उभं आहे का एवढंच पाहा. ‘शी इज टीचर’ तिथेच पकडलं जातं. ‘ॲन’ लावायचा तो पुढच्या अक्षरावरून नव्हे, आवाजावरून: ‘ॲन आवर’, ‘ॲन ऑनेस्ट मॅन’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’, ‘अ वन-डे मॅच’. ‘द’ कधी नको हे समजायला ‘ऑनेस्टी इज द बेस्ट पॉलिसी’ ही म्हण पुरते: सर्वसाधारण गुण म्हणून ‘ऑनेस्टी’ला काही नाही, आणि सर्वांत चांगलं एकच म्हणून ‘बेस्ट’ला ‘द’. ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘ॲडव्हाइस’, ‘इक्विपमेंट’, ‘होमवर्क’ यांना ‘एस’ही नको आणि ‘अ’ही नको.

शब्दयोगी अव्ययांचा धडा पाठ करून काही हाती लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. ‘मला सांगितलं’ यातल्या ‘ला’मुळे ‘टोल्ड टू मी’ होतं, ‘माझ्यावर रागावला’ यातल्या ‘वर’मुळे ‘अँग्री ऑन मी’ होतं. इंग्रजीत हे क्रियापदाशी किंवा विशेषणाशी बांधलेलं असतं, म्हणून त्यांच्यासकटच शिका: ‘टोल्ड मी’ पण ‘सेड टू मी’, ‘अँग्री विथ मी’, ‘मॅरीड टू’, ‘एक्सप्लेन इट टू मी’. ‘डिस्कस’, ‘रीच’ आणि ‘आत शिरणे’ या अर्थाचा ‘एंटर’ यांना पुढे काहीच लागत नाही.

‘शब्द वाचताना कळतो, लिहिताना आठवत नाही’

हे नैसर्गिक आहे. ओळखीचे शब्द नेहमीच वापरातल्या शब्दांपेक्षा खूप जास्त असतात, मातृभाषेतही. प्रश्न एवढाच की ओळखीचा शब्द वापरात कसा आणायचा. वही पुन्हा पुन्हा वाचून तो येत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सर्वांत वेगानं विसरतं ते पहिल्या काही तासांत, आणि नंतर तो वेग मंदावतो. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, म्हणून वही झाका आणि आठवा.

याची सोपी सोय पत्रकार सेबास्टियन लाइट्नर यांनी १९७२ मध्ये सांगितली: पत्ते आणि कप्पे. पत्त्याच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मराठी बाजू पाहून इंग्रजी सांगायचं. उलट केलं तर फक्त ओळख वाढते. आलं तर पत्ता पुढच्या कप्प्यात, जो उशिरानं उघडायचा. नाही आलं तर पत्ता पुन्हा पहिल्या कप्प्यात, जो रोज उघडायचा. आपोआप अवघड शब्दांना जास्त वेळ मिळतो.

पत्त्यावर काय लिहायचं यात बरीच मुलं फसतात. सुटा शब्द लिहू नका, तो ज्यांच्या संगतीत येतो ते लिहा. ‘परीक्षा देणे’ म्हणून ‘गिव्ह ॲन एक्झाम’ लिहिलं जातं. पत्त्यावर ‘टेक ॲन एक्झाम’ असं अख्खं हवं. ‘मेक अ मिस्टेक’ पण ‘डू होमवर्क’. पाऊस ‘हेवी’ असतो, वारा ‘स्ट्राँग’ असतो. खाली तुमच्या स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य लिहा. पुस्तकातलं वाक्य उतरवलं तर ते लवकर विसरतं, स्वतःचं राहतं.

एका शब्दाबरोबर त्याचं कुटुंबही उचला: ‘डिसाइड’, ‘डिसिजन’, ‘डिसायसिव्ह’. शब्दाचं नाम करा, विशेषण करा, असे प्रश्न यातूनच सुटतात. विरुद्धार्थी उपसर्गांत ‘इन’चं रूप पुढच्या आवाजाप्रमाणे बदलतं: ‘पी’ आणि ‘एम’आधी ‘इम’ (‘इम्पॉसिबल’, ‘इमॅच्युअर’), ‘एल’आधी ‘इल’ (‘इल्लीगल’), ‘आर’आधी ‘इर’ (‘इररेग्युलर’). ‘अन’ मात्र कुठेही बदलत नाही: ‘अनप्लेझंट’. ‘एलवाय’ दिसला की क्रियाविशेषण, असं समजू नका. ‘फ्रेंडली’ आणि ‘लव्हली’ विशेषणं आहेत, आणि ‘हार्डली’चा अर्थ ‘मेहनतीनं’ होत नाही.

आणि कोणते शब्द? जाडजूड, दुर्मीळ शब्दांच्या मागे लागू नका. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये नित्य उपयोगाच्या सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली होती. शालान्त परीक्षेच्या निबंधाला लागणारे बहुतेक शब्द अशा नित्याच्या साठ्यातलेच असतात. ते हुकमी वापरता येणं, स्पेलिंगसकट, हे दहा भपकेदार शब्द चुकीच्या जागी टाकण्यापेक्षा किती तरी जास्त गुणांचं आहे. स्पेलिंग चुकत असेल तर शब्द तीन वेळा पाहून लिहू नका. एकदा पाहा, झाका, लिहा, ताडून बघा.

वेळ कमी असेल तर

परीक्षेला काही आठवडेच उरले असतील तर नवीन काही सुरू करू नका. ‘घ’ आणि ‘स’चा कागद काढा आणि ज्या दोन प्रकारच्या चुका सर्वांत जास्त वेळा आल्यात त्यांवरच काम करा. एक दिवसाआड पानभर लिहा, विषय कोणताही चालेल, आणि ते पान त्या दोन चुकांसाठीच तपासा. त्या विरळ झाल्या की पुढच्या दोन.

परीक्षेच्या दालनात शेवटची दहा मिनिटं लिहिण्यासाठी वापरू नका, राखून ठेवा. पहिली फेरी क्रियापदांची, दुसरी एकवचनी नामांची, तिसरी तुमच्या स्वतःच्या त्या दोन चुकांची. निबंध शेवटच्या वाक्यापासून पहिल्याकडे, एकेक वाक्य सुटं करून वाचा. गोष्ट तुटते, म्हणून शब्द दिसायला लागतात. खोडताना एकच सरळ रेघ मारा आणि वर स्वच्छ लिहा. गिरवून गिरवून दुरुस्त केलेला शब्द परीक्षकाला वाचताच येत नाही.